लोंबत्या चाकाचं माप

"नारळ खाली ठेवा," मी म्हटलं. "ही गाडी जाणार नाही."

शेटे मिस्त्रींचा हात नारळासकट डोक्यावर गेला होता. तो तिथंच थांबला. गॅरेजच्या आवारात पंचवीसेक माणसं होती. त्यातली चौदा आधीच पिकअपच्या हौद्यात चढून बसली होती, पिशव्या, मिठाचं पोतं, एक पत्र्याची पेटी आणि पाय बांधलेली कोंबडी घेऊन. मी हमरस्त्यावरून पळत आले होते. पायात एकच चप्पल होती. दुसरी कुठं सुटली ते मला आजही माहीत नाही.

"कोण गं तू?" शेटे म्हणाले. चांगले ओळखत होते.

"तुळशीराम सोळंकींची झुंबर."

"मग तुळशाला पाठव. तू कशाला मध्ये तडमडतेस?"

"त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. ब्रेकचे होस आखूड पडलेत. चाक खड्ड्यात लोंबलं की तुटतील."

आवारात हशा पिकला. शेटे हसले नाहीत. त्यांनी नारळ बॉनेटवर ठेवला आणि हात पुसले. "आयटीआय मी केलंय. तीस वर्षं ब्रेक मी भरतोय. आणि घिसाड्याची पोर मला होस शिकवणार? तुला कुणी सांगितलं हे?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा गिळलं.

गाडी होती धोंडू मेंगाळची. धोंडू चिंचदऱ्याचा. डोंगराच्या पोटातली तीस घरांची वाडी. हिरडा खाली आणायचा तर डोक्यावर, आजारी माणूस खाली आणायचं तर डोलीत. दोन बांबू, मध्ये गोधडी, चार खांदेकरी. धोंडूची आई ठकूआई चार महिन्यांपूर्वी मांडीचं हाड मोडून तशीच डोलीतून खाली आली होती आणि खालीच अडकली होती. धोंडूनं जुनी पिकअप घेतली, चारी चाकं ओढणारी. पण वाडीच्या वाटेवर दगड एवढाले की गाडीचं पोट घासून तेलाची टाकी फुटायची. म्हणून तो आमच्याकडं आला. गाडी उंच करून द्या म्हणाला.

आम्ही घिसाडी. हमरस्त्याच्या कडेला आमचा भाता. आजा विळे-कुऱ्हाडी करायचा, माझे वडील आबा गाड्यांचे पाटे, चाकांवर भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, करायचे. त्यांनी धोंडूच्या गाडीला पाटे वाढवले, बाकदार केले, ते सांगाड्याला टांगणारे शॅकल लांब घातले. गाडी सहा बोटं उचलली गेली. वर मोठे टायर. उभी राहिली की वाटायचं, आता पाऊल टाकील.

पण गाडी उचलली म्हणजे चाक सांगाड्यापासून लांब गेलं. आणि ब्रेकचं तेल सांगाड्यावरून चाकापर्यंत जातं ते रबरी होसमधून. तो जुन्या मापाचा राहून चालत नाही. लांब होस घालावे लागतात. ते काम आमचं नव्हतं. आमचं काम लोखंड ठोकायचं. ब्रेकला हात लावायचा तो गॅरेजवाल्यानं. असं कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ होतं. आबांना तर जास्तच.

अजून एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. आमच्यात घण बाई मारते. बाप्या बसून सांडशीत लोखंड धरतो आणि 'मार' म्हणतो, बाई उभी राहून घण घालते. मी बारा वर्षांची होते तेव्हापासून घालत होते. आई गेल्यावर तर एकटीच. धोंडूच्या गाडीच्या प्रत्येक पाट्याला माझ्या घणाचे हजार घाव होते. आणि गाडी उंच केली कुणी? तुळशीरामनं. लोक म्हणतात मला राग फार. आहे. तो कुठून आला ते विचारायला कुणी येत नाही.

"जॅक लावा," मी म्हटलं. "सांगाडा उचला. चाक लोंबू द्या. होस सैल राहिला तर मी सगळ्यांसमोर कान धरते आणि जाते."

"माझ्याकडं वेळ नाही. मला लग्नाला जायचंय."

हौद्यातून ठकूआईचा आवाज आला. ती पोत्यावर बसली होती, पाय लांब करून. "मिस्त्री, तुम्ही लग्नाला? गाडीत बसत न्हाई का तुम्ही?"

आमच्या भागातली रीत आहे. ब्रेक ज्यानं भरले तो पहिल्या खेपेला गाडीत बसतो, दरीच्या बाजूला. नारळ फोडायचा आणि बसायचं. कोणी नुसता नारळ फोडत नाही.

"आजी, लग्न घरचं आहे," शेटे म्हणाले.

"मग आमीबी लग्नालाच येतो की. जेवून जाऊ."

आता हशा दुसऱ्या बाजूला पिकला. धोंडू इतका वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. तो खाली उतरला. सडपातळ माणूस, बोलायला नाखूश. "जॅक लावू द्या मिस्त्री," तो म्हणाला. "पाच मिनटं जातील. माझी आई बसलीय वर."

लोक उतरले. ठकूआई म्हणाली, "मी उतरत न्हाई. उतरवाया दोन बाप्ये, चढवाया चार. मी हितंच हाय, उचला मला गाडीसकट."

तिला मी उतरवली. पाठीवर घेतली आणि उतरवली. घण मारणारीच्या पाठीला म्हातारी काय जड. मग मागच्या चाकांना दगड लावले, पुढं सांगाड्याखाली लाकडी ठोकळे रचले, त्यावर जॅक ठेवला आणि दांडा मारायला लागले. मदतीला कोणी आलं नाही. गाडीचं नाक वर जायला लागलं. चाक मात्र भुईवरच. पाटे उलगडत गेले, चाक सांगाड्यापासून लांब, अजून लांब. शेवटी टायर जमिनीवरून सुटलं आणि हवेत लोंबलं. होस तुणतुण्याच्या तारेसारखा ताणला होता.

"धोंडूदादा, स्टिअरिंग उजवीकडं. पार शेवटपर्यंत."

त्यानं फिरवलं. चाक वळलं तसा होसनं वरची लोखंडी नळी वाकवली. 'कट्' असा बारीक आवाज आला.

"आता ब्रेक दाबा."

जिथं होस नळीला जोडलेला होता तिथं एक थेंब आला. तो फुगला, पडला. दुसरा आला. मग थेंबांची धार झाली आणि सिमेंटवर काळसर डाग पसरायला लागला. धोंडू आतून म्हणाला, "पायडल तळाला गेलं." त्यानं परत दाबलं. परत तळाला.

कोणी हसलं नाही. ठकूआईनं कोंबडी मांडीवर ओढून घेतली, जशी तीच आत्ता मरता मरता वाचली.

शेट्यांचा चेहरा लाल झाला होता. ते आत गेले. मला वाटलं, गेले लग्नाला. पण ते परत आले आणि त्यांच्या हातात सुतळीचे तीन तुकडे होते. प्रत्येकाला दोन्हीकडं गाठ. ते त्यांनी सगळ्यांना दिसतील असे वर धरले.

"मी होस बनवले ते या मापानं. गाडी माझ्याकडं आली तेव्हा ही सुतळी सीटवर होती. तुळशाच्या भात्यावरून आलेली. विचारा तिला, हे माप दिलं कुणी?"

आबा तेवढ्यात पोचले होते. माझ्या मागं धापा टाकत आले असावेत. सुतळी बघितली, माझ्याकडं बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. ते पुढं झाले, टोपी काढली. "मी दिलं मालक. म्हातारा झालो. नजर गेली माझी."

शेट्यांना तेवढंच हवं होतं. मलाही तेवढंच हवं असतं तर मी गप्प राहिले असते. बापानं चूक आपल्या पदरात घेतली होती. उद्यापासून परत घण.

"आबा, गप बसा," मी म्हटलं. "मी दिलं. सुतळी माझी, गाठी माझ्या, चूक माझी."

लोक शेट्यांकडून माझ्याकडं वळले.

चूक कशी झाली तेही सांगून टाकते, त्या दिवशीही सांगितलं होतं. पाट्याचं माप घेतात गाडी भुईवर उभी करून, भार अंगावर असताना. हवेतल्या पाट्याचं माप घेशील तर गाडी बसेल, हे आबांनी मला घणाच्या प्रत्येक घावाबरोबर शिकवलं होतं. मी होसचं मापही तसंच घेतलं. गाडी उभी, चाक भुईवर, सुतळी लावली, गाठ मारली, वर दोन बोटं जास्त धरली. फार हुशारी केली असं वाटलं. कुणी सांगितलं नव्हतं मला माप घ्यायला. मीच आपली चोरून घेऊन सीटवर ठेवली, शेट्यांना सोपं जाईल म्हणून. खोटं कशाला, माझंही बोट त्या ब्रेकला लागावं म्हणून. आणि त्या सकाळी एक जीप आली पाटा बदलायला. आम्ही ती जॅकवर घेतली आणि तिचं चाक खाली लोंबलं, हातभर. मी त्या चाकाकडं बघितलं, त्याच्या होसकडं बघितलं आणि माझी सुतळी आखूड पडणार हे कळलं. हातातला घण तिथंच टाकून पळाले.

"ऐकलंत?" शेटे लोकांना म्हणाले. "चूक हिची आणि बोभाटा माझा."

"चूक माझीच," मी म्हटलं. "म्हणून मी पळत आले. तुम्ही आयटीआय केलंय. तीस वर्षं ब्रेक भरताय. एका घिसाड्याच्या पोरीची सुतळी सीटवर सापडली आणि तुम्ही ती न तपासता घेतली. तुमच्या हाताखाली जॅक होता. पाच मिनिटं होती. चाक लोंबवून का नाही बघितलंत?"

ते सुतळीच्या गाठी चाचपत राहिले.

"मी अडाणी म्हणून चुकले. तुम्ही कशानं चुकलात?"

शेट्यांनी सुतळी माझ्या पायाशी फेकली. "ने. ने ही गाडी तुझ्या भात्यावर. ब्रेक पण तूच भर. उतारावर माणसं मेली तर माझं नाव घ्यायचं नाही."

"नाव माझंच घेतील," मी म्हटलं. "जगली तरी."

धोंडूनं शब्द काढायच्या आत आबांनी माझा दंड धरला. "झुंबर, पाया पड मालकांच्या. ब्रेक आपलं काम न्हाई. चौदा जीव हायेत."

मी धोंडूकडं बघितलं. गाडी त्याची होती, आई त्याची होती. त्यानं वाकून त्या ओल्या डागाला बोट लावलं.

"मिस्त्रींना चूक दाखवली तर मिस्त्री चिडले," तो हळू म्हणाला. "हिला कुणी दाखवली नव्हती. हिनं आपली आपण दाखवली." मग आबांना म्हणाला, "काका, गाडी तुमच्याकडं नेतो. हिलाच करू द्या."

ट्रॅक्टरनं ओढत गाडी भात्यावर आणली. चारी चाकं एकदमच लोंबवली, सांगाडा लाकडी घोड्यांवर ठेवून. मी खाली सरकले आणि परत सुतळी धरली. चाक सरळ, माप. चाक पार डावीकडं, माप. पार उजवीकडं, माप. तिन्हीतलं सगळ्यात मोठं धरलं, वर चार बोटं. मागं दोन्ही चाकांना मिळून एकच होस, त्याचंही तसंच. मग गाडी खाली उतरवली आणि परत बघितलं, कारण जास्तीचा होस टायरला घासला तर तोही मारतोच. आबांनी दोन पट्टीच्या कड्या घडवून दिल्या, होस टायरपासून लांब धरायला. सांडशी त्यांच्याच हातात, घण माझ्या. पण कडीचा बाक कसा हवा ते मी सांगितलं.

होस बनवायला एसटीनं संगमनेरला गेले. दुकानदारानं वही काढली. "गॅरेजचं नाव?"

"झुंबर सोळंकी."

"मिस्त्रींचं सांगा हो बाई, म्हणजे होस कशाला पाहिजेत ते त्यांना फोनवर विचारतो."

"पिकअपच्या ब्रेकला. तेलाचा दाब सोसणारा पाहिजे, पाण्याचा नको. टोकं यंत्रावर दाबून द्या. वायसर तांब्याचे द्या, नवे. आणि मिस्त्रींचं नाव सांगितलं की तुम्हाला आत्ता."

त्यानं चष्म्यावरून बघितलं आणि लिहिलं.

तिसऱ्या दिवशी होस बसवले. आता राहिली हवा काढायची. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पायडल स्पंजासारखं होतं. एकानं आत बसून पायडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी निपल उघडून हवा सोडायची आणि बंद करायची. दोन माणसं लागतात. गॅरेजमधलं कोणी येणार नव्हतं. धोंडू आईला औषध आणायला गेलेला. उरले आबा.

ते सीटवर चढून बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते वर होते आणि हुकूम खालून येणार होता. मी गाडीखाली गेले. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, मागचं डावं.

"दाबा."

दाबलं.

"धरून ठेवा."

मी निपल उघडलं. फस् करून फेस आला. आणि मी बंद करायच्या आत आबांनी पाय उचलला. सगळी हवा परत आत.

"आबा! मी सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही! कितीदा सांगू?"

शेजारच्या पंक्चरवाल्यानं मान वळवून बघितलं. बापावर असं कोणी ओरडत नाही आमच्यात. आणि लेकीनं तर नाहीच. गाडीखालून मला फक्त त्यांचा पाय दिसत होता, फाटक्या वहाणेतला.

"चुकलं," वरून आवाज आला.

बावीस वर्षांत हा शब्द मी त्या तोंडून ऐकला नव्हता. डोळ्यांत तेल गेलं असं मी स्वतःला सांगितलं आणि पुसलं.

"परत," मी म्हटलं. "दाबा."

त्यानंतर एकदाही चुकले नाहीत. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. शेवटी पायडल असं टणक झालं की आबा म्हणाले, "दगडावर पाय ठेवलाय जणू." मी परत चारी चाकं लोंबवली, स्टिअरिंग दोन्हीकडं फिरवलं, आबांना अंगाचा जोर लावून दाबायला सांगितलं. होस कुठं ताणला नाही. थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. माणसं परत चौदाच. दोन गळली होती भीतीनं, पण त्यांच्या जागी दुसरी दोन चढली, गंमत बघायला. नारळ मी फोडला. दरीच्या बाजूला मी बसले. आबा मागं, ठकूआईशेजारी.

चिंचदऱ्याच्या अलीकडं वाट एकदम खाली ओढ्यात उतरते. त्याला घसरडी म्हणतात. तिथं बैल बसतात, माणसं हात टेकून उतरतात. धोंडूनं पहिल्या गेअरमध्ये गाडी सोडली. निम्म्यात आलो तेव्हा पावसानं खाल्लेली कड आली. माझ्या बाजूचं पुढचं चाक तिच्यावरून सुटलं आणि गाडी माझ्याकडं कलंडली. खिडकीतून मला खालचा ओढा दिसला, दगड दिसले, दगडांवर वाळत घातलेलं कुणाचं तरी लुगडं दिसलं. मागं बायका किंचाळल्या.

"ब्रेक!" मी म्हटलं.

धोंडूनं दाबला.

गाडी उभी राहिली. सरकली नाही, घसरली नाही. खिळा ठोकावा तशी उभी राहिली, चौदा माणसं, मिठाचं पोतं आणि एक चाक हवेत घेऊन.

"पाय काढू नका," मी धोंडूला म्हटलं. दार उघडलं आणि दगड धरत उतरले. चाक लोंबत होतं, पार शेवटपर्यंत. मी त्याच्याखाली गेले. डोक्यावर टायर होतं, टायरवर गाडी, गाडीत माझा बाप. होसला बोट लावलं. सैल. जोडावर बोट फिरवलं, वरच्या, मग खालच्या. कोरडं.

बाहेर आले तेव्हा सगळे हौद्याच्या काठावरून माझ्याकडं बघत होते. ठकूआईनं मान बाहेर काढली.

"मिस्त्रीण," ती म्हणाली, "उतरू का बसू?"

मिस्त्रीण. कुणी शिकवलं नव्हतं तिला. आबा तिच्या शेजारी होते. त्यांनी तोंड उघडलं. आता म्हणतील, उतरा, सगळे उतरा, पोरीचं काय ऐकता. मी वाट बघितली.

"तिला इचारलंय," आबा बाकीच्यांना म्हणाले. "ती सांगंल."

"बसा," मी म्हटलं.

लोंबत्या चाकाखाली दोन दगड सारले, तिसरा पायानं घट्ट बसवला. मग गाडीच्या पुढं जाऊन ओढ्याकडं पाठ करून उभी राहिले, दोन्ही हात वर केले. धोंडू काचेतून माझ्या हातांकडं बघत होता. मी हात हळूहळू स्वतःकडं ओढले, आणि तेवढी मोठी गाडी, चौदा माणसं पोटात घेऊन, माझ्या हाताच्या मागं एकेक पाऊल खाली यायला लागली.